येतंय

१

लॅपटॉप चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला, असं गिऱ्हाइकांना वाटतं. कसलं काय! चालू तर कुठलंही मढं होतं. खरं काम त्यानंतर असतं. स्क्रीन पांढरी करून मेलेले ठिपके शोधायचे, कीबोर्डची एकेक कळ दाबायची, स्पीकरवर काहीतरी वाजवायचं, कॅमेऱ्यात स्वतःचा पारोसा चेहरा बघायचा आणि सगळ्यात शेवटी माइक. माइकसाठी मी आठ सेकंदांचं रेकॉर्डिंग करते. दुकान टाकल्यापासून त्यात एकच वाक्य बोलत आलेय. "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" मग ते लावायचं. माझा आवाज धडपणे परत आला की वहीत माइकपुढे बरोबरची खूण करायची आणि झाकण मिटायचं.

हे वाक्य दुकानात घरून आलंय. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. एवढीशी आणि तिखट, म्हणून आम्ही तिला मिरी म्हणतो. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. उजव्या कानाला मशीन लावलं की थोडंफार येतं, डाव्याचं नावच सोडा. रोज सकाळी आंघोळ झाली की मी तिच्या कानात मशीन बसवते, ओठ दिसू नयेत म्हणून तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहते आणि विचारते, "ऐकू येतंय का?" भिंतीकडे बघत ती म्हणते, "येतंय." मग आमचा दिवस सुरू होतो. ते एक 'येतंय' यायला जरा उशीर झाला तर मी मशीन काढून पुन्हा बसवते.

त्या मशीनची एक खोड आहे. ते चालू असताना कुणी मुठीत धरलं किंवा कानाशी नेलं की ते शिट्टी मारतं. कुईंऽऽ असं. कानात घट्ट बसलं की गप्प होतं. मिरीला ती शिट्टी ऐकू येत नाही, त्यामुळे ती मशीन काढून कुठेही टाकते, बंद करायला हटकून विसरते आणि आम्ही शिट्टीच्या मागावर घरभर फिरतो.

आता मूळ गोष्ट. एका बंद पडलेल्या ऑफिसातले सात जुने लॅपटॉप माझ्याकडे आले. सगळे एकाच बनावटीचे, जाडजूड, बऱ्यापैकी राबलेले. सहा जणांच्या कॅमेऱ्यावर कुणी ना कुणी कागदाची चिकटपट्टी लावलेली होती. ते नेहमीचंच, हल्ली सगळेच लावतात. सातव्याचा कॅमेरा मात्र उघडा होता आणि शेजारी टाचणीच्या टोकाएवढं माइकचं जे भोक असतं त्यावर काळी टेप होती. वायरीला गुंडाळतात ती. दोन थर, आणि कडा नखाने दाबून दाबून बसवलेल्या.

"वेंधळा गं बाई कुणीतरी," मी म्हणाले. "कॅमेरा समजून माइक झाकून बसला." आणि ओढून काढली. निघायला वेळ लागला. तिचा चिकट थर मी स्पिरिटने पुसून घेतला, भोक सुईने मोकळं केलं. काम नीट करायची खोडच आहे मला, काय करणार.

२

पहिल्या सहांचे माइक ठीकठाक होते. सातव्यावर बोलले, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" आठ सेकंद होऊ दिले आणि लावलं.

माझा आवाज आला. इतका स्वच्छ की मला माझीच सर्दी ऐकू आली. मग थोडा वेळ नुसती खरखर. मग अगदी शेवटी, लांबून, कुणीतरी म्हणालं, "येतंय."

मी ताडकन उठून शेजारी गेले. माझ्या दुकानाच्या एका बाजूला पक्की भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला प्लायवूड. प्लायवूडपलीकडे शिंपीकाका असतात. माझं रेकॉर्डिंगचं वाक्य त्यांना तोंडपाठ आहे आणि त्यावरून ते मला येता जाता चिडवतात.

"काका, पुरे हं आता मस्करी," मी म्हणाले.

काकांनी मान वर केली. तोंडातून एकेक टाचणी काढून उशीला टोचली. सहा निघाल्या. "काय गं, कसली मस्करी?"

"आत्ता 'येतंय' कोण म्हणालं?"

"तोंडात सहा टाचण्या ठेवून मी बोलतोय होय? मरायचंय का मला?" ते हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जेवलीस का तू?"

परत आले. पुन्हा रेकॉर्डिंग केलं. पुन्हा तेच, तेवढ्याच वेळाने, तेवढंच लांबून. आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता. पोराचा म्हणावा तर पोरं अशी धापा टाकत बोलत नाहीत.

पण मी काही भित्री नाही. यंत्रातलं प्रत्येक भूत शेवटी एखादी सैल वायर निघते, हे मला पंधरा वर्षं कळत आलंय. हा प्रतिध्वनी. स्पीकरमधून निघालेला आवाज माइक परत उचलतो आणि शेवटचा तुकडा पुन्हा उमटतो. झालं. वहीत खूण केली.

डबा खाताना घास हातात राहिला. प्रतिध्वनी असता तर शेवटचा तुकडा परत आला असता. 'येतंय का.' यात 'का' नव्हता.

३

तरी तो लॅपटॉप मी घरी नेला, कारण मला तोच हवा होता. मिरीला बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा स्क्रीनवरून शिकवतात. आमचा जुना लॅपटॉप इतका घोगरा होता की मिरीचा 'स' आणि 'श' त्यांना वेगळा कळायचाच नाही. बाई सारख्या म्हणायच्या, "मिरीच्या आई, तुम्ही सगळ्या जगाचे लॅपटॉप नीट करता, लेकीला एक धड माइक द्या की." लागणारच ना मनाला! त्यात डॉक्टरांनी उजवा कानही उतरत चालल्याची शंका काढलेली. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी होती. कान आणखी उतरला असेल तर मशीनचाही उपयोग राहणार नव्हता. माझं सगळं लक्ष त्या तारखेकडे लागलं होतं. आणि सातांमधला सगळ्यात स्वच्छ माइक ह्याचा होता.

मग मी तो मन लावून केला. जुनी डिस्क काढून एसएसडी घातली, जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं, रॅम दुप्पट केली, पंख्यातला धुळीचा नमदा काढला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, लटपटणारी बिजागरी घट्ट केली. पंख्यातली धूळ सोडली तर आतून इतका स्वच्छ होता की त्यात कधी काही गेलंच नसावं. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून मिरीचं बुटकं टेबल आहे, त्यावर ठेवला. टेबल भिंतीला पुरतं चिकटत नाही, मागे पाइप आहे, म्हणून मागे एक फट राहते. मिरीचे खडू त्या फटीत पडतात आणि मग तिचा हात खांद्यापर्यंत आत जातो. टेबलावर ठेवून झाल्यावरही सवयीने आठ सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं. मुद्दाम लावून ऐकलं नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

नवरा बेकरीत पहाटपाळीला असतो. दुपारी एकला येतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच मिरी म्हणते, "बाबा." मशीन नसलं तरी. ती जमिनीवर बसून खेळते आणि डावा तळवा जमिनीला टेकवून ठेवते. पावलांचा कंप तिला तळव्यात लागतो. दूधवाला कोण, वरच्या आजी कोण, बाबा कोण, सगळे तिला वेगवेगळे लागतात. पाहुण्यांसमोर आम्ही तिला हे करून दाखवायला लावायचो. आमचा तो कौतुकाचा खेळ होता.

४

नऊ दिवस झाले असतील. रविवार होता, उन्हाची तिरीप फरशीवर आलेली. मिरीचं मशीन माझ्यासमोर, ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत. मी स्वतः ते बंद करून ठेवलं होतं. ती टेबलापाशी, माझ्याकडे पाठ करून, चित्र काढत होती. लॅपटॉप उघडाच होता. मी कपड्यांच्या घड्या घालता घालता, आपण नाही का उगाच काहीतरी पुटपुटतो, तसं म्हणाले, "काय मग मिरीबाई, ऐकू येतंय का?"

"येतंय," मिरी म्हणाली.

हातातला टॉवेल खाली पडला. मी डबी उघडून बघितली. मशीन आत होतं. मी पुन्हा विचारलं, अगदी हळू, श्वासाएवढ्या आवाजात. "ऐकू येतंय का?"

"येतंय."

मी नवऱ्याला झोपेतून हलवून उठवलं. तो डोळे चोळत आला, दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं. तिने त्यालाही सांगितलं. वळूनसुद्धा बघितलं नाही, चित्र रंगवत राहिली. नवरा मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. "अगं, आपली पोरगी ऐकतेय," तो सारखा म्हणत होता. "मशीनशिवाय ऐकतेय गं!" मी त्याला गप्प करत होते आणि मीच रडत होते. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, खोटं कशाला बोलू. त्या दुपारी मी तिच्या आवडीचं सगळं केलं आणि ती जेवताना डावा हात जमिनीला टेकवून बसली म्हणून रागावलेसुद्धा नाही.

५

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मिरीला काचेच्या खोलीत बसवलं. मशीन काढून मोठे हेडफोन लावले. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, हे तिला माहीत आहे. बाहेरून मी बघत होते. तपासणारी मुलगी आवाज वाढवत गेली. मिरी ठोकळा हातात धरून बसून राहिली. आवाज शेवटच्या आकड्याला गेला तरी ठोकळा तिच्या हातातच होता.

"मशीन लावून आहे तेवढंच आहे. उतरलेलं नाही, ही चांगली गोष्ट," ती मुलगी म्हणाली. "मशीनशिवाय मात्र काहीच नाही. आधीसारखंच."

"पण ती उत्तर देते," नवरा म्हणाला. "आम्ही दोघांनी विचारलंय. पाठमोरी असताना."

"कुठेतरी ओठ दिसले असतील. काचेत, भांड्यात. मुलं फार हुशार असतात हो." तिने मायेने सांगितलं. तिला रोजच असे आईबाप भेटत असणार.

घरी आल्यावर मी टेबलाजवळ बसून बघितलं. समोर काच नाही, भांडं नाही. लॅपटॉपच्या स्क्रीनमध्ये दिसले असतील म्हणावं, तर मी उभी होते तिथून स्क्रीन दिसत नाही. असेल बाई काहीतरी, म्हटलं. सैल वायर.

दुसऱ्या दिवशी बाईंचा तास झाला आणि त्यांचा फोन आला. "मिरीच्या आई, माइक फार सुंदर आहे. फक्त एक करा. ते दुसरं लेकरू आहे ना, त्याला तासाच्या वेळी आत बसवत जा."

"कुठलं लेकरू?"

"कुणाचं ते तुम्हाला माहीत. मी 'ऐकू येतंय का' विचारलं की मिरीच्या आधी तेच बोलतं. आज तर माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. एवढी कसली घाई? धापा टाकत असतं बिचारं."

मी "बरं" म्हणाले.

६

मी मिरीसमोर मांडी घालून बसले. मशीन लावलं, ओठ नीट दिसतील अशी बसले आणि सावकाश विचारलं, "रविवारी मशीन नव्हतं. तरी तू 'येतंय' म्हणालीस. आईचा आवाज आला?"

तिने मान हलवली. नाही.

"मग बाबांचा?"

नाही.

"मग आम्ही काय विचारलं ते तुला कसं कळलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काय ढ आहे अशा नजरेने. मग म्हणाली, "तू नाही विचारलं. मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"येतंय." तिने माझा हात धरून फरशीला टेकवला आणि वरून आपला तळवा दाबला. "हे. येतंय."

मला काही लागलं नाही. थंड फरशी. मी डोळे मिटले, श्वास धरला. काही नाही. पण ती एकेक बोट उचलून माझ्या हातावर टेकवत होती, मोजून, दोन टेकवण्यांमध्ये थांबत. तिने बाबांची पावलं मला अशीच कितीदा दाखवली होती. बाबांची भराभर असतात. ही फार सावकाश होती आणि एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जड होतं.

"जिन्यात?" मी विचारलं.

तिने मान हलवली आणि बोट दाखवलं. दाराकडे नाही. टेबलाकडे, टेबलामागच्या भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे काही नाही. खोली नाही, गच्ची नाही. तिसऱ्या मजल्याची बाहेरची भिंत आहे ती.

"भीती वाटते?"

मिरी विचार करून म्हणाली, "दमलंय ते."

७

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाण्याच्या पाइपचा धक्का लागत असेल तिला. तू पण ना! आधी ऐकतेय म्हणून नाचलो, आता हे." तो चिडला होता, पण माझ्यावर नाही. त्याचं मन मोडलं होतं. त्याने भिंतीला कान लावला, पाइप ठोकून बघितला आणि पाळीसाठी लवकर झोपायला गेला.

मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिले. माझी रेकॉर्डिंगं त्यात पडून होती. दोन दुकानातली, एक घरी आणल्या दिवसाचं, एक बाईंच्या तासाचं नवीन सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवसाचं, तेही तेव्हा न ऐकलेलं. आवाजाची रेघ स्क्रीनवर दिसते. मी बोलते तिथे ती फुगते, मग सपाट होते, मग शेवटी लहानसा फुगवटा येतो. मी पट्टी घेतली. खरंच, शिवणाची पट्टी लावून मोजलं, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना.

दुकानात माझा प्रश्न संपल्यावर साडेतीन सेकंदांनी 'येतंय' होतं. घरी आणल्या दिवशी अडीचने. सॉफ्टवेअर टाकलं तेव्हा एका सेकंदाने, आणि फुगवटा माझ्या आवाजाएवढा उंच. बाईंच्या तासाला तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच.

प्रतिध्वनी असा जवळ सरकत नाही. सैल वायर नाही सरकत.

मला ती काळी टेप आठवली. दोन थर. नखाने दाबलेल्या कडा. कुणी वेंधळा नव्हता तो. आणि मी हसत हसत ती ओढून काढली होती, वर सुई घालून भोक मोकळं केलं होतं, आणि तो लॅपटॉप आणून माझ्या लेकीच्या पुढ्यात ठेवला होता. जगात दुसरं कुणी हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मी लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, सगळं पिशवीत घातलं आणि पिशवी दाराबाहेर जिन्यात ठेवली. आत आले आणि मिरीच्या शेजारी जाऊन पडले.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा येईपर्यंत मिरीला वरच्या आजींकडे सोडून, शिंपीकाका यायच्या आधी मी दुकान उघडलं. स्क्रीनभोवतीची चौकट प्लास्टिकच्या पट्टीने उकलली. वर कॅमेरा आणि माइक एकाच बोटभर पट्टीवर असतात. ती मी चिमट्याने उपटली, तिची वायर कापली आणि पकडीने माइकचा चुरा केला. पंधरा वर्षांत एवढं वाईट काम मी केलं नव्हतं.

मग लॅपटॉप चालू केला आणि चाचणी लावली. पडद्यावर आलं, माइक सापडला नाही. तरी मी मोठ्याने म्हणाले, "ऐकू येतंय का?" एव्हाना आलेले काका प्लायवूडपलीकडून म्हणाले, "मला येतंय बाई, सगळ्या इमारतीला येतंय." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. वहीत माइकपुढे फुली मारली. फुली मारून एवढं बरं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

दिवसभर झपाट्याने काम केलं. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, मिरी जेवली, खेळतेय, मी जरा पडतो. चारला दुकान बंद केलं. रस्त्याने मी चक्क गुणगुणत होते. बाईंच्या तासासाठी त्या सहांपैकी एकाचा माइक घरच्या जुन्या लॅपटॉपला बसवू, 'स' आणि 'श' होतील हळूहळू, कान आहे तेवढा तरी राहिलाय.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझे पाय थांबले.

जो येत असतो तो 'येतोय' म्हणतो. जी येत असते ती 'येतेय' म्हणते. स्वतःबद्दल 'येतंय' कोण म्हणतं? 'येतंय' म्हणणारं नेहमी दुसऱ्याच कशाबद्दल तरी सांगत असतं. रविवारी मिरीने आम्हाला सांगितलं, तसं. म्हणजे माइकमधून जे बोलत होतं, ते धापा टाकत, जीव तोडून, दर वेळी आधीपेक्षा घाईने मला सांगत होतं. मी त्याचं तोंड तेवढं बंद करून आले होते. सांगितलं जात होतं ते थांबवलं नव्हतं. त्याला मी हातसुद्धा लावला नव्हता.

उरलेल्या पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही.

घर शांत होतं. आतल्या खोलीतून नवऱ्याचं घोरणं येत होतं. बाहेरच्या खोलीत ऊन होतं. मिरी फरशीवर बसली होती, कानात मशीन नव्हतं, नेहमीसारखं काढून कुठेतरी टाकलेलं. मी आल्याचं तिला कळलं नाही. माझी पावलं तिला लागली नाहीत, कारण तिचा तळवा जमिनीवर नव्हता. दोन्ही हात मांडीत, शहाण्या मुलीसारखे. दोन आठवड्यांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिचा चेहरा हातात धरला. "मिरी. थांबलं का गं ते?"

तिने मान हलवली. नाही.

"मग? अजून येतंय?"

"नाही." आणि बाईंनी शिकवलंय तसं, तोंड नीट उघडून, एकेक अक्षर सुटं करत तिने सांगितलं, "आ. लं."

तेव्हा शिट्टी वाजली. कुईंऽऽ.

माझे दोन्ही हात मिरीच्या गालांवर होते. मिरीचे हात तिच्या मांडीत होते. टेबलावर खडू होते, कागद होते, मशीन नव्हतं. शिट्टी टेबलामागच्या फटीतून येत होती. ज्या फटीत माझा हात मनगटाच्या पुढे जात नाही तिथून. ती उंच होत गेली. कुणीतरी मशीन मुठीत धरून वर नेत होतं, आणि फटीतल्या अंधारात मशीनची पारदर्शक नळी क्षणभर चमकली. ती जमिनीवर नव्हती. मिरी खाली बसली की तिचा कान जिथे येतो, तेवढ्या उंचीवर होती, आणि कानामागे वळते तशी वळलेली होती.

मग शिट्टी थांबली. कानात घट्ट बसल्यावर थांबते, तशी.

मला ओरडायचं होतं, मिरीला उचलून पळायचं होतं. मी तिचे गाल धरूनच राहिले. मिरीने हळूच माझे हात बाजूला केले आणि उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी ओळखलं, कारण रोज सकाळी तिच्या पाठीमागे उभी राहून विचारताना माझ्या चेहऱ्यावर तेच असतं. तिने टेबलाकडे पाठ केली, ओठ दिसू नयेत म्हणून. आणि ज्या पोरीने आजवर फक्त उत्तर दिलं होतं, तिने तिच्या सपाट, जाड आवाजात, अगदी मायेने विचारलं,

"ऐकू येतंय का?"

सहा वर्षं मी ज्या एका होकारासाठी देव पाण्यात घालून बसले होते, तो आता येणार होता. मी माझे दोन्ही कान गच्च झाकून घेतले.